इतिहासाच्या प्राध्यापकाचा चरित्रलेख लिहिताना

प्रादेशिक इतिहासाच्या प्राध्यापकावर लिहायला बसले की बहुतेकांचा हात आधी पदव्या, नेमणुका आणि सत्कारांच्या यादीकडे जातो. ती यादी एका पानावर उतरवून बाजूला ठेवावी आणि या माणसाने कोणते कागद वाचले, या प्रश्नापासून लेखाला सुरुवात करावी.

त्र्यंबक शंकर शेजवलकर यांचेच पाहा. 1895 साली कोकणातील कशेळी येथे जन्मलेले शेजवलकर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मराठ्यांच्या इतिहासाचे प्रपाठक होते, एवढ्यात त्यांची नोकरी सांगून होते. त्यांची योग्यता मात्र कळते ती मेणवली दफ्तरातील, म्हणजे नाना फडणविसांच्या मेणवली येथील कागदपत्रांच्या संग्रहातील, पत्रांवरून त्यांनी संपादित केलेल्या नागपूरकर भोसल्यांविषयीच्या खंडांतून आणि 1946 साली प्रसिद्ध झालेल्या पानिपतावरील इंग्रजी ग्रंथातून. म्हणून असे एखादे पत्र निवडावे, शक्य तर मूळ मोडीत पाहावे, आणि त्याची मिती, मायना व मजकूर यांवरून प्राध्यापकांनी कोणता निष्कर्ष काढला आणि कोठे हात आखडता घेतला, हे वाचकाला दाखवावे. असा एक परिच्छेद साधला की दहा गौरवोद्गार खुशाल गाळता येतात.

केवळ प्रकाशनवर्षांवरून कालपट मांडणारा हमखास फसतो. शेजवलकर 1963 मध्ये वारले. 'श्री शिवछत्रपती' 1964 साली निघाले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार 1966 साली मिळाला. शिवाय ते पूर्ण चरित्र नसून संकल्पित चरित्राची प्रस्तावना, आराखडा आणि साधने आहेत, तेव्हा 'शिवचरित्र लिहिले' असे विधान करू नये. जुन्या मुखपृष्ठावर शकवर्ष असेल तर त्यात 78 मिळवावेत; जानेवारीपासून गुढीपाडव्याच्या आधीपर्यंत पडणाऱ्या तिथीला 79.

विद्यार्थ्यांच्या आठवणी जरूर घ्याव्यात, पण 'सर फार प्रेमळ होते' यापुढे न जाणारी आठवण लेखाच्या कामाची नसते. वर्गात कोणते साधन वाचून घेत, टिपण कसे तपासत, कोणाच्या मताशी वाद घालत, असे नेमके विचारावे आणि उत्तरातील सालांचा महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालाशी ताळा घ्यावा.

नियतकालिकांतील लेखन सर्वांत आधी हरवते. शेजवलकरांनी 'प्रगति' साप्ताहिक चालवले होते. तेथील संपादक ग्रंथांच्या यादीत भेटत नाही. अशा अंकांसाठी जुन्या ग्रंथालयांतील बांधीव फायलीच चाळाव्या लागतात, आणि प्रत्येक लेखाची अंक-तारीख जागच्या जागी टिपून घ्यावी.