तिसरी-चौथीच्या वर्गात बी रुजण्याचा प्रयोग: नियोजनापासून नोंदीपर्यंत

राज्य मंडळाच्या शाळांत तिसरी ते पाचवीला विज्ञान परिसर अभ्यासाच्या पोटात येते आणि सामान्य विज्ञानाचे वेगळे पुस्तक सहावीत हाती पडते. त्यामुळे टाचणात, म्हणजे शिक्षकाच्या पाठ-नियोजनाच्या वहीत, ‘बी रुजणे’ या घटकाला पुष्कळदा एक-दोन तासिका मिळतात आणि फळ्यावर आकृती काढून तो संपतो. माझ्या मते त्याला सलग दोन आठवडे, रोज पंधरा मिनिटे द्यावीत. पुस्तकात पाठ कितव्या क्रमांकावर आहे हे न पाहता, वार्षिक नियोजनात तो पेरणीच्या दिवसांत, म्हणजे जूनअखेर किंवा जुलैच्या आरंभी घ्यावा. त्या वेळी ग्रामीण भागातील मुलांच्या घरी याच विषयाची बोलणी चाललेली असतात.

प्रयोग सोमवारीच सुरू करावा. गुरुवारी सुरू केला, तर मोड नेमके शनिवारी दुपारनंतर किंवा रविवारी, वर्ग बंद असताना येतात आणि मुलांचा सर्वांत मोलाचा क्षण हुकतो. साहित्य म्हणून घरातली मटकी, चार वाट्या आणि सुती फडके पुरेसे आहे. मुले उत्साहाने पेरणीच्या पिशवीतले बियाणे घेऊन येतात. त्याला बीजप्रक्रियेचे विषारी औषध लावलेले असू शकते, म्हणून ते वर्गात येऊ देऊ नये. ही सूचना आदल्या आठवड्यातच पालकांपर्यंत पोहोचवावी.

पहिल्या दिवशी काहीही न शिकवता फक्त विचारावे: बी रुजायला काय काय लागते? माती, ऊन, पाणी, खत ही उत्तरे हमखास येतात. ती सर्व फळ्याच्या कोपऱ्यात जशीच्या तशी लिहून शेवटपर्यंत पुसू नयेत. मग प्रत्येक वाटीत मटकीचे वीस दाणे मोजून ठेवावेत. पहिल्या वाटीत कोरडे फडके, दुसरीत ओले. तिसरीत दाणे पूर्ण बुडतील इतके पाणी. चौथीत पुन्हा ओले फडके, पण ही वाटी बंद कपाटात. दुसऱ्या क्रमांकाच्या वाटीच्या तुलनेत बाकीच्या प्रत्येक वाटीत एकच गोष्ट बदललेली आहे, हे मुलांकडूनच शोधून घ्यावे. दाणे वीसच का, हाही प्रश्न विचारावा: एकच दाणा ठेवला आणि तो गणंग, म्हणजे भिजवूनही न फुगणारा, निघाला, तर आपण चुकीचा निष्कर्ष काढू, हे चौथीच्या मुलाला सहज समजते. कोणत्या वाटीत काय होईल याचा अंदाज प्रत्येकाने निकालापूर्वी वहीत लिहावा. अंदाज चुकला तरी तो खोडायचा नाही, हा नियम कटाक्षाने पाळावा.

बुधवारपर्यंत साधारणपणे दुसऱ्या आणि चौथ्या वाटीत मोड दिसतात. मातीविना आणि अंधारातही बी रुजले, हे मुलांना फार चकित करते. येथे स्पष्टीकरणाची घाई करू नये. दाणा सोलून त्याची दोन दले पाहू द्यावीत आणि रोपाची पहिली शिदोरी कोठे आहे, हे त्यांना सुचू द्यावे. बुडालेले दाणे फुगतात, एखाद्याला इवलेसे मूळही फुटते, पण वाढ खुंटते आणि पाण्याला आंबूस वास येऊ लागतो, कारण रुजणाऱ्या बीला हवाही लागते आणि साचलेल्या पाण्यात ती पुरेशी मिळत नाही. शेतकरी मोठ्या पावसानंतर लगेच पेरत नाही, वाफशाची, म्हणजे जादा पाणी निचरून जमीन नुसती ओलसर राहण्याची, वाट पाहतो, त्याचे कारण मुले या वाटीवरून स्वतः सांगू शकतात. माझ्या दृष्टीने या घटकातील सर्वांत समृद्ध चर्चा हीच आहे. तिला एक पूर्ण तासिका द्यावी.

दुसऱ्या आठवड्यात कपाटातील रोपे उंच, पण पिवळट आणि लेचीपेची दिसतात, तर उजेडातली बुटकी आणि हिरवी असतात. “अंधारातली जास्त वाढली” असे कोणी म्हणाले, तर ते निरीक्षण खरेच आहे. ते मान्य करून निम्मी रोपे उजेडात ठेवावीत आणि रंगात काय फरक पडतो, ते एक-दोन दिवस पाहू द्यावे. उंची दोऱ्याने मोजून तो दोरा पट्टीवर धरावा. चित्र वाटीत पाहून काढावे, पुस्तकातून नव्हे. प्रयोगातील मटकी कोणी खाऊ नये. तिला बुरशी येते आणि रोज हाताळल्यावर हात धुणे आवश्यक असते.

द्विशिक्षकी शाळेत दोन इयत्ता एकत्र असल्या, तरी हा प्रयोग सहज होतो: तिसरीने मोजावे आणि चित्र काढावे, चौथीने तक्ता भरून कारण लिहावे.

आकारिक, म्हणजे शिकवतानाच चालणाऱ्या, मूल्यमापनासाठी व्याख्या विचारू नये. “सोयाबीन पेरले आणि त्याच रात्री शेतात पाणी साचले, उगवण कशी होईल आणि का?” हा प्रश्न तोंडी विचारावा व मुलाचे उत्तर त्याच्याच शब्दांत वर्णनात्मक नोंदीत उतरवावे. त्यानंतर पहिल्या दिवसाची फळ्यावरील यादी मुलांसमोर वाचून, त्यातील कोणते शब्द रुजण्यासाठी लागतात आणि कोणते पुढच्या वाढीसाठी, हे त्यांनाच वेगळे करायला सांगावे.