भुताची बातमी करायला निघालात? या चुका टाळा

दर दोन-तीन वर्षांनी आमच्या डेस्कवर असं एक पोर येतंच. महापालिकेची बीट दिली की तोंड वाकडं, क्राइम दिलं की जरा बरं, आणि घोडबंदरच्या घाटात पांढऱ्या साडीतली बाई गाड्यांना हात दाखवते असा कुणाचा फोन आला की खुर्चीतून अर्धं उठलेलं. गेल्या पावसाळ्यात आलेल्या पोरीने तर भूत शोधायला म्हणून ऑनलाइन मागवलेलं ईएमएफ मीटरच टेबलावर ठेवलं. हिरव्यापासून लालपर्यंत पाच दिवे. "सर, एक रात्र तिथे थांबू का?" मी म्हटलं, "आधी जेवलीस का?"

मला ही पोरं आवडतात, कारण मीही त्यातलाच. माझं आजोळ उरणकडचं. रात्री ओट्यावर बसून मामा चकव्याच्या गोष्टी सांगायचा. शेताच्या बांधावरून निघालेला माणूस रात्रभर चालून पुन्हा त्याच बांधावर. सगळी पोरं एकमेकांना बिलगायची आणि मी विचारायचो, "मामा, निघाला तेव्हा किती वाजले होते? त्याने घेतली होती का?" मामाचा पार विचका व्हायचा. भीतीची गोडी आणि वेळ विचारायची खोड, दोन्ही एकाच अंगात असली की माणूस या बातम्यांकडे ओढला जातो. गोडी जास्त झाली की तो भगताचा प्रचारक होतो, खोड जास्त झाली की फौजदार. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका या दोन टोकांच्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच मी स्वतः केल्या आहेत.

रात्री जाणं

भूत रात्रीचं, म्हणून बातमीदारही रात्री बाराला हजर. अहो, पहिली फेरी सकाळी अकराची करा. तेव्हा वॉचमन जागा असतो, सेक्रेटरी भेटतो, आणि मुख्य म्हणजे प्लंबर मिळतो.

ऐरोलीतल्या एका सोसायटीत सातव्या मजल्यावरच्या कुटुंबाला पहाटे भिंतीत ठकठक ऐकू यायची, मग वर कुणीतरी गोट्या सोडल्यासारखा आवाज. वरचा फ्लॅट दोन वर्षं कुलूपबंद. मी दोन रात्री त्यांच्या हॉलमध्ये सतरंजीवर काढल्या, आवाज खरोखर ऐकला, अंगावर काटा आला आणि "बंद घरातले आवाज" असं हेडिंगही सुचलं. अर्धी बातमी टाइप करून झाल्यावर खाली पंपवाला भेटला. त्याने विडी झटकत विचारलं, "साहेब, टाकीचा पंप किती वाजता लावतो ते विचारलंत का?" पावणेपाचला. पाइपातलं वाहतं पाणी अचानक अडलं की दाबाचा धक्का मागे फिरतो आणि पाइप भिंतीवर आपटतो. प्लंबर त्याला वॉटर हॅमर म्हणतात. काँक्रीटचा स्लॅब तो आवाज कुठल्या कुठे नेऊन सोडतो. ठाण्यातल्या कुठल्याही सोसायटीत विचारा, वरच्या मजल्यावरच्या गोट्या ऐकलेला माणूस तुम्हाला भेटेल. आणि वरच्या मजल्यावरच्याला त्या त्याच्याही वर ऐकू येतात.

आपल्याकडे तर आवाजांची चंगळ आहे. खाडीकाठच्या तिवरांमध्ये सोनेरी कोल्हे आहेत. नव्या टॉवरमध्ये राहायला आलेल्या माणसाने कोल्हेकुई हा शब्द फक्त पुस्तकात वाचलेला असतो, ती पहाटे खिडकीतून आत आली की त्याला ती बाईची किंकाळीच वाटते. गव्हाणी घुबड जुन्या इमारतींच्या पोटमाळ्यात आणि डक्टमध्ये राहतं, आणि त्याचं ओरडणं ज्याने ऐकलंय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. येऊरकडच्या इमारतींना बिबट्याची सवय आहे, पण भाड्याने नव्याने आलेल्यांना नाही. नवी मुंबईचा बराच भाग सिडकोने खाडीलगतच्या सखल जमिनीवर उभा केला, तिथे पावसाचं पाणी धारण तलावांत साठवतात आणि भरतीच्या वेळी झडपा बंद होतात. म्हणून वाशी-नेरूळकडची तक्रार असेल तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक खिशात ठेवा. गटाराच्या जाळीतून येणारे हुंकार भरतीच्या वेळांशी जुळतात का, एवढं तरी ताडून बघता येतं.

मीटर आधी, माणूस नंतर

आमच्या पोरीचं मीटर ऑफिसात फिरवून पाहिलं. सगळ्यात जास्त झपाटलेला निघाला वॉटर कूलर. त्याखालोखाल तिचा स्वतःचा मोबाइल. हे यंत्र विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजतं. जुनी वायरिंग, इन्व्हर्टर, खिशातला फोन, कशानेही दिवे पेटतात. फोटोतले पांढरे गोळे म्हणजे लेन्सच्या अगदी जवळची धूळ किंवा पावसाचे थेंब, फ्लॅशच्या उजेडात पकडलेले. पावसाळ्यात गायमुखला काढलेल्या प्रत्येक फोटोत असे आत्मे मिळतील.

पण इथेच शहाण्या बातमीदाराचा पाय घसरतो. त्याने विक टँडींबद्दल कुठेतरी वाचलेलं असतं. इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीचे हे अभियंते. प्रयोगशाळेत एकटे काम करताना त्यांना घाम फुटायचा, नजरेच्या कडेला करडी आकृती दिसायची. दुसऱ्या दिवशी शिकंज्यात धरलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरताना त्यांनी पाहिलं आणि शोध घेतला. नव्याने बसवलेल्या पंख्यामुळे खोलीत सुमारे १९ हर्ट्झचा, कानाला ऐकू न येणारा कंप भरून राहिला होता. १९९८ मध्ये त्यांनी त्यावर निबंध लिहिला. झालं! तेव्हापासून प्रत्येक भुताच्या बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात "तज्ज्ञांच्या मते हा अवश्राव्य ध्वनीचा परिणाम असू शकतो" हे वाक्य चिकटतं. टँडींनी पंख्याची बसवण बदलून कंप गेला की नाही ते पाहिलं होतं. तुम्ही काय पाहिलंत? काहीच न मोजता "ध्वनी असेल" लिहिणारा आणि काहीच न बघता "आत्मा असेल" म्हणणारा, दोघांच्या कॉपीत मला फरक दिसत नाही.

उत्तर घालून दिलेले प्रश्न

"तुम्हाला इथे कुणी असल्यासारखं वाटतं का?" हा प्रश्न विचारलात की मुलाखत संपली. आता ती व्यक्ती तुम्हाला हवं ते देणार. "त्या दिवशी संध्याकाळपासून काय काय झालं ते सांगा," एवढंच म्हणा आणि गप्प बसा. गप्प बसणं हा आमच्या धंद्यातला दुर्मिळ गुण आहे, टीव्हीवाल्यांना तर परवडतच नाही.

घाटातल्या बाईचंच घ्या. पोरीला मी एकच काम दिलं: "ऐकलंय" म्हणणाऱ्या प्रत्येकाला कुणाकडून ऐकलं ते विचार आणि पहिल्या माणसापर्यंत जा. रिक्षावाला, टपरीवाला, पेट्रोल पंपावरचा मुलगा, एक हवालदार. चार दिवस फिरून ती एका व्हॉट्सअॅप फॉरवर्डपाशी पोचली, आणि त्यातला रस्ता घोडबंदरचा नव्हताच. अशी बाई प्रत्येक घाटाला असते, साडीचा रंगही तोच. घाटात अपघात मात्र होतात, त्याची नोंद वाहतूक पोलिसांकडे असते. उतार, वळण, खड्डा, बंद पडलेला दिवा, हे सगळं लिहायला तिला बाई लागली नाही.

आणि अफवा म्हणजे नुसती गंमत, असं समजू नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. तिथे भूत नव्हतं, पण "ऐकलंय" तेच होतं.

निकाल खिशात घेऊन जाणं

२१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध पितो म्हणून ठाण्यात नौपाड्यापासून तलावपाळीपर्यंत रांगा. मी तेव्हा उमेदवारीत, वय तेवीस, नुकतंच पुरोगामी झालेलं. वहीच्या पहिल्या पानावर देवळात शिरण्याआधीच "अंधश्रद्धेचा बाजार" लिहून ठेवलं होतं. रांगेतल्या आजींनी हातात चमचा दिला, मी सोंडेला लावला आणि दूध खरंच गेलं. मी चमचा परत देऊन निघून आलो! खाली वाकून पाहिलं नाही. त्याच काळात दिल्लीत सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला आणि पृष्ठताणामुळे मूर्तीवर ओढलं गेलेलं दूध पातळ ओघळाने खाली उतरताना दाखवलं. एक चिमूट कुंकू टाकलं असतं तर ती बातमी माझी होती. मला उत्तर आधीच ठाऊक होतं ना.

या फौजदारीचा जास्त त्रास समोरच्या माणसाला होतो. नेरूळच्या एका नर्सताईंनी सांगितलं होतं, पहाटे कुणीतरी उरावर बसतं, डोळे उघडे असतात पण हात हलत नाही, तोंडातून आवाज फुटत नाही. माझ्याबरोबरचा छायाचित्रकार फिस्सकन हसला. त्या खोटं बोलत नव्हत्या. स्वप्नाच्या झोपेत शरीराचे स्नायू सैल पडलेले असतात; मन आधी जागं झालं आणि शरीर मागे राहिलं की असं होतं, त्याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. झोपेच्या वेळा सतत बदलल्या की त्याची शक्यता वाढते, आणि त्यांची नाइट शिफ्ट होती. अनुभव खरा, त्याचा अर्थ वेगळा. त्या हसण्यानंतर त्यांनी दार लावून घेतलं, ते पुन्हा उघडलं नाही.

"आरोपी" सापडल्याचा आनंद

ही चूक मला लिहायची नव्हती.

कळव्यातली चाळ. कपाटातले कपडे आपोआप फाटतात, पिठात राख सापडते, बंद खोलीत दगड पडतात. कोपऱ्यावरचा भगत दोनदा उतारा करून गेलेला. मी तीन दिवस बसलो, तक्ता मांडला: कोणता प्रकार कधी, घरात तेव्हा कोण. तिसऱ्या दिवशी तक्त्यात एकच नाव उरलं. गावाहून कामाला हात म्हणून आणलेली चौदा वर्षांची भाची. तिला शाळा सोडायला लावली होती. सांगायला कुणी नव्हतं, म्हणून ती कपड्यांमार्फत सांगत होती.

मला काय वाटलं? आनंद. सापडलं! बातमीत मी नाव दिलं नाही, "घरातल्याच एका व्यक्तीचा हात" एवढंच लिहिलं आणि स्वतःला जबाबदार पत्रकार समजलो. दहा बाय बाराच्या खोलीत "घरातलीच व्यक्ती" ओळखायला चाळीला पाच मिनिटं लागली. आठवड्याने गेलो तेव्हा मुलगी नव्हती. गावाला परत पाठवली. बायलाइन (बातमीवरचं माझं नाव) मात्र ठळक होती.

भानामतीच्या प्रकरणांत अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे कार्यकर्ते अशा माणसाचं नाव चारचौघांत फोडत नाहीत. त्याच्याशी एकट्याने बोलतात, त्रास काय ते समजून घेतात, प्रकार थांबला की विषय संपवतात. हे मला तेव्हाही माहीत होतं. अशा ठिकाणी बातमी भगताच्या पैशांवर करा, शाळा सुटलेल्या मुलींवर करा. कोडं सुटल्याची करू नका, मग संपादक कितीही मागे लागो. कुणी खचलेलं दिसलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर घरच्यांच्या हातात द्या; भुताच्या बातमीतली एवढी एक चौकट मी आजही हट्टाने लावतो.

कायदा न वाचता लिहिणं

डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या २० ऑगस्ट २०१३ ची. त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार रुपये. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, बांधून ठेवणं, मिरचीची धुरी देणं, सगळं त्यात येतं. आपल्या कामाचा मुद्दा असा की अशा प्रथेचा प्रचार-प्रसारही गुन्हा आहे. "महाराजांनी क्षणात बाधा उतरवली" असं अवतरणचिन्हांशिवाय लिहिलंत तर ते कुणाचं म्हणणं ठरतं, याचा विचार करा. मारहाण दिसली तर आधी पोलीस, मग कॅमेरा. आणि हो, आपल्याच पानाच्या तळाला "२४ तासांत वशीकरण"ची जाहिरात नाही ना, तेही बघून घ्या. मी एकदा बघितलं नव्हतं.

एकट्याने जाणं

इंग्लंडातल्या बोर्ले गावचा जुना पाद्रीवाडा १९२९ मध्ये वर्तमानपत्रांनी झपाटलेला म्हणून गाजवला. भूतसंशोधक हॅरी प्राइस तिथे पोचले आणि दगड पडायला लागले. डेली मेलचे बातमीदार चार्ल्स सटन त्या रात्री त्यांच्यासोबत होते. प्राइस वारल्यावर सटननी सांगितलं की एक दगड आपल्या डोक्यात बसला तेव्हा आपण प्राइसना धरलं, तर त्यांचे खिसे विटांच्या तुकड्यांनी आणि गोट्यांनी भरलेले. धावत जाऊन ऑफिसला फोन केला. वकिलाशी बोलून वृत्तसंपादकाने बातमी मारली: प्राइस आणि त्यांच्या सोबतचं माणूस असे ते दोघं होते, तू एकटा. सटन खरं बोलले की नाही यावर वाद घालता येईल, पण वकिलाचं गणित आजही तेच आहे. सोबत कुणीतरी न्या, शक्यतो तुमच्याशी न पटणारं.

पत्ता छापू नका, हे वेगळं सांगायला नको. तुमची बातमी रद्दीत जाते, फ्लॅट विकायचा असतो तो त्यांना.

ऐरोलीची बातमी शेवटी छापली. कुटुंबाला मी पंधरा दिवस आवाजाच्या वेळा लिहायला लावल्या, पंपवाल्याने त्याच्या वहीतल्या वेळा दिल्या. अकरा नोंदींपैकी नऊ पंपाशी जुळल्या. दोन जुळल्या नाहीत. डेस्कवर म्हणाले, दोन कशाला ठेवतोस, हेडिंग सरळ होईल. मी ठेवल्या. छापून आलं त्या दिवशी सातव्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. नऊबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या दोन वेळा कुठल्या हो? आमच्या ह्यांना बघायच्यात."