कॅड मॉडेल रंगवायला देण्याआधी काय काय करायचं (पिरानेसी / फोटोशॉप वॉटरकलर व्ह्यू)

कन्सेप्ट स्टेजलाच क्लायंटला फोटोरिअल व्ह्यू दाखवला की तो थेट टाइल्सच्या शेडवर घसरतो आणि प्लॅनबद्दल बोलायचं राहूनच जातं, म्हणून सुरुवातीला हाताने रंगवल्यासारखा व्ह्यू देणं केव्हाही बरं. तो पिरानेसीत (थ्रीडी मॉडेलच्या व्ह्यूवर ब्रशने रंगवायचा प्रोग्राम) करा नाहीतर फोटोशॉपमध्ये लेअर टाकून करा, निम्मं काम मॉडेल बाहेर पडायच्या आधीच होतं किंवा बिघडतं. उदाहरणाला कोकणातलं एक घर घेऊ, चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे पडवी, अंगणात तुळशीवृंदावन आणि मागे माड.

आधी ऑटोकॅडची फाइल साफ करा. डायमेन्शन, टेक्स्ट, हॅच, फर्निचर, प्लंबिंगचे लेअर सगळे उडवा, मग पर्ज (न वापरलेल्या गोष्टी काढणारी कमांड) आणि ओव्हरकिल (एकावर एक पडलेल्या रेषा काढणारी) चालवा, आणि रेषांना झेडमध्ये उंची चिकटली असेल तर फ्लॅटनने सपाट करा. हे केलं नाही तर दोन रेषा दिसायला जुळलेल्या असतात पण पुढे स्केचअपमध्ये (ज्यात थ्रीडी मॉडेल बनवायचं तो प्रोग्राम) फेस, म्हणजे रेषांमधला पृष्ठभाग, काही तयार होत नाही आणि मग बसा शोधत. युनिट मिमी आहे का मीटर तेही इथेच बघून घ्या. सर्व्हेअरकडून आलेली साइटची फाइल असेल तर ती बहुतेक वेळा यूटीएम कोऑर्डिनेटमध्ये (नकाशावरचं स्थान मीटरमध्ये सांगणारी पद्धत) असते, म्हणजे रत्नागिरीकडे नॉर्दिंग (विषुववृत्तापासून उत्तरेकडचं अंतर) १८-१९ लाख मीटरच्या घरात, आणि ओरिजिनपासून एवढ्या लांब स्केचअप गडबडतं, कडा थरथरतात, झूम केलं की भिंती कापल्या जातात. सगळं उचलून ०,०,० वर आणा आणि मगच इम्पोर्ट करा.

मॉडेलमध्ये किती डिटेल घालायचं? माझा नियम सोपा आहे, ज्याची सावली पडते किंवा जे आकाशावर कापलं जातं तेवढंच बनवा. एकेक कौल मॉडेल करायची काहीही गरज नाही, ब्रश फिरला की ते तसंही गायब होतं आणि फाइल मात्र रांगायला लागते. पण पागोळीच्या बाजूला बाहेर आलेली वाशांची टोकं जरूर करा कारण त्यांची सावली भिंतीवर पडली की घर लगेच खरं वाटतं. आणि मोनोक्रोम मोड लावून फेस तपासा, जिथे निळसर मागची बाजू दिसेल तिथे रिव्हर्स करा, नाहीतर मटेरियल आतल्या बाजूला लागलेलं राहतं.

आता मुख्य मुद्दा, मटेरियल. पिरानेसीची ईपिक्स फाइल साध्या चित्रासारखी नसते, तिच्यात प्रत्येक पिक्सेलला रंग तर असतोच, शिवाय तो पिक्सेल कॅमेऱ्यापासून किती लांब आहे आणि कुठल्या मटेरियलचा आहे हेही असतं, म्हणून तर मटेरियल लॉक केलं की ब्रश भिंतीबाहेर सांडत नाही आणि टेक्श्चर आपोआप पर्स्पेक्टिव्हमध्ये बसतं. ह्याचा अर्थ मटेरियल म्हणजे ब्रशची हद्द. त्यामुळे बिल ऑफ क्वांटिटीच्या (बांधकामाला लागणाऱ्या मालाच्या यादीच्या) हिशोबाने मटेरियल देऊ नका, रंगवायच्या हिशोबाने द्या. चिरा सगळीकडे एकच असला तरी उन्हातली भिंत आणि पडवीच्या आतली सावलीतली भिंत वेगळी रंगवणार ना? मग "चिरा ऊन" आणि "चिरा पडवी" अशी दोन नावं द्या. अंगण, पायवाट, लांबची जमीन तिन्ही वेगळी. आणि डिफॉल्ट मटेरियलवर काहीही सोडू नका, ते सगळं एकाच गठ्ठ्यात जातं.

तुमच्याकडे पिरानेसी नसेल किंवा स्केचअपच्या एक्सपोर्ट यादीत ईपीएक्स (ईपिक्स फाइलचं एक्स्टेन्शन) दिसत नसेल तर हेच काम हाताने, वेगवेगळ्या पीएनजी काढून करता येतं. एक नुसत्या रेषांची, हिडन लाइन स्टाइलमध्ये. एक पांढऱ्या मॉडेलवर फक्त सावल्यांची. एक डेप्थसाठी, म्हणजे काय जवळ काय लांब ते कळायला, पांढरं मॉडेल, कडा बंद आणि काळं फॉग (लांबचं धुक्यात गेल्यासारखं काळवंडवणारं सेटिंग). आणि एक सपाट रंगांची, प्रत्येक मटेरियलला भडक वेगळा रंग, टेक्श्चर नाही, सावली नाही, यूज सन फॉर शेडिंग ऑन करून लाइट ० आणि डार्क ८० च्या आसपास. ह्या शेवटच्या इमेजला अँटी-अलायझिंग (कडा मऊ दिसाव्यात म्हणून शेजारचे रंग मिसळणं) बंदच हवं. चालू राहिलं तर कौल आणि आकाशाच्या मधे मिसळलेल्या रंगाची एक पिक्सेलची पट्टी येते, फोटोशॉपचं मॅजिक वाँड (एका रंगाचा भाग निवडायचं टूल) ती धरत नाही, आणि वॉश (रंगाचा पातळ हात) मारला की छपराच्या कडेने पांढरी चीर दिसत राहते. वाँडचा टॉलरन्स ० (म्हणजे तंतोतंत तोच रंग निवडला जातो), कंटिग्युअस बंद (म्हणजे तो रंग चित्रात जिथे असेल तिथे सगळीकडे).

सगळ्या इमेज एकाच सीनवरून, एकाच बैठकीत, एकाच पिक्सेल मापात काढा, यूज व्ह्यू साइजची टिक काढून टाका. ए३ प्रिंट २०० डीपीआयला साधारण ३३०७ बाय २३३९ लागतं, तेवढं पुरे, वॉटरकलरला ३०० चा हट्ट नको. जेपीजी मात्र ह्यातल्या कुठल्याच इमेजला नको, कॉम्प्रेशन रंग बदलतं.

राहिले फोटो. चिऱ्याचं टेक्श्चर हवं असेल तर ढगाळ दिवशी भिंतीसमोर सरळ उभं राहून काढा, उन्हातल्या फोटोत सांध्यांच्या सावल्या आधीच असतात आणि मग मॉडेलच्या सावल्यांशी त्या भांडतात. साइटचा फोटो मॅच फोटोला (स्केचअपचा कॅमेरा फोटोशी जुळवायची सोय) वापरायचा असेल तर तो क्रॉप करू नका, कॅमेऱ्याचा मध्य सरकला की अक्ष जुळतच नाहीत. माणसं-झाडांचे कटआउट पारदर्शक पीएनजी, कडेची पांढरी झालर साफ केलेली, आणि कॅमेरा १.६ मीटरवर असेल तर सपाट अंगणात उभ्या मोठ्या माणसांचे डोळे क्षितिजरेषेवरच आले पाहिजेत, मग तो माणूस जवळ असो की लांब. ऊन डावीकडून असेल आणि माड उजवीकडून उजळलेला असेल तर तो सरळ फ्लिप करा.