पाणी कमी पडतंय? आधी सोलरच्या प्लेटा पुसा

डिसेंबर लागला की एकच तक्रार कानावर येते, सोलरचा पंप पाणी कमी फेकतोय. आणि संशय पहिला मोटरीवर. मागच्या रब्बीत आमच्या शिवारात एकाने ५ एचपीची मोटर बोअरमधून वर काढली, काढण्या-सोडण्याचा खर्च केला, मोटर ठणठणीत निघाली. बांधापलीकडे खडी क्रशर. प्लेटेवरून बोट फिरवलं तर राखाडी पीठ. तोवर हरभऱ्याचं फुलातलं पाणी आठ दिवस लांबलं, घाटे कमी लागले.

थंडीत धूर वर जात नाही, जमिनीलगतच कोंडतो. वीटभट्टी, कारखान्याच्या चिमणीची काजळी, पेटवलेलं पाचट, कच्च्या रस्त्याचा फुफाटा. हवेतला धूर ऊन अडवतो, त्याला आपल्याकडे इलाज नाही. काचेवरच्या थराला आहे. रात्रीच्या दवाने धूळ भिजते, उन्हात वाळून चिकटते आणि खालच्या चौकटीपाशी गाळाची पट्टी धरते. ही पट्टी बोटभर असली तरी सोडू नका. प्लेटा एकामागे एक जोडलेल्या असतात, एक अडली की अख्खी ओळ मंदावते.

गांधीनगरच्या आयआयटीत प्लेटा काही आठवडे न पुसता ठेवल्या आणि मग धुतल्या, तर वीज जवळजवळ ५० टक्क्यांनी वाढली. हा अभ्यास २०१७ मध्ये छापून आला. मातीपेक्षा धुराचे बारीक कण वजनाच्या मानाने जास्त ऊन खातात, हेही त्यात दिसलं.

खोल बोअरवाल्यांनी जास्त जपावं. वीज कमी मिळाली की मोटर हळू फिरते, आणि वेग १० टक्के उतरला की पाणी चढवण्याची उंची १९ टक्क्यांनी घटते. विहिरीवर धार बारीक होते. बोअरवर पाणी वरच येत नाही.

चुकवू नये अशी पाणी पाळी (पेरणीपासून दिवस):
- हरभरा, मध्यम जमीन: २०–२५, ४५–५०, ६५–७०
- गहू: १८–२१, ४०–४५, ६०–६५, ८०–८५

पुसताना:
- कंट्रोलर बंद, वायरींना हात नाही
- दिवस उगवायच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी नको
- मऊ सुती कापड किंवा लांब दांड्याचा स्पंज. घासणी, कपड्याची पावडर नको
- प्लेटेवर पाय देऊ नये
- पक्ष्यांची विष्ठा भिजवून काढावी

एरवी पंधरा दिवसांनी, क्रशर किंवा भट्टी जवळ असेल तर आठवड्याला. शेजारी पाचट पेटलं की दुसऱ्याच दिवशी. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर काचेवर पांढरे डाग धरतात, म्हणून मी दव पडलेली पहाट गाठतो. दवाचं पाणी गोडं आणि फुकट, नुसतं कापड फिरवलं तरी निम्मं काम होतं. हा आपला अनुभव, कुठल्या पुस्तकातला नाही.

दुकानदार प्लेटा धुवायचं खास औषध दाखवेल, कोटिंगचं सांगेल, नाहीतर दोन प्लेटा वाढवा म्हणेल. घेऊ नका. जुनं धोतर असेल घरात, ते फाडा. पुसूनही धार वाढली नाही तर मोटर काढण्याआधी हमीचे कागद शोधा आणि बसवणाऱ्या कंपनीकडे लेखी तक्रार टाका.