भुसावळला बदली झालीय? कार्टची लिंक देते, पण आधी हे वाचा

रत्नागिरीहून भुसावळला आले त्याला चौदा वर्षं झाली. यांची रेल्वेतली नोकरी, बदली मे महिन्यात, आणि स्टेशनच्या बाहेर पाऊल टाकलं तेव्हा भट्टीचं दार उघडावं तशी तोंडावर झळ आली. कोकणात आम्ही घामाने निथळायचो, इथे घाम दिसायच्या आधीच वाळत होता. पहिल्या आठवड्यात मी ऑनलाइन जे जे मागवलं, त्यातलं निम्मं पुढे माळ्यावर गेलं.

दरवर्षी बदल्यांच्या दिवसांत क्वार्टर्समध्ये नवी बिऱ्हाडं येतात आणि प्रत्येक घरातून तोच प्रश्न येतो, "ताई, काय काय मागवायचं?" म्हणून मी ऑनलाइन मागवायच्या सामानाची एक तयार यादी करून ठेवली आहे. नवीन कुणी आलं की तिची लिंक कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते. त्यावरून जे घोळ झाले ते तुमच्याकडे होऊ नयेत, म्हणून हे लिहिते.

सगळ्यात आधी, लिंक उघडली म्हणजे ऑर्डर गेली असं नसतं. हसू नका. मागच्या वर्षी समोरच्या वहिनी तीन दिवस वाट बघून माझ्याकडे आल्या, "तुम्ही पाठवलेलं सामान अजून आलं नाही हो." त्यांनी लिंक उघडली होती, फोटो पाहिले होते आणि फोन ठेवून दिला होता. लिंकमधून फक्त वस्तूंची नावं येतात. पत्ता तुमचा, पैसे तुमचे, शेवटचं बटणही तुम्हीच दाबायचं. मी लिंक बनवली तेव्हाचा भाव तुम्हाला मिळेलच असं नाही, तुम्ही उघडाल त्या क्षणाचा भाव लागतो. माल तुमच्यासाठी कुणी राखूनही ठेवत नाही. मला लागलेलं कूपन तुम्हालाही लागेल, ही आशा सोडा.

बहुतेक ॲपमध्ये कार्ट, म्हणजे विकत घ्यायला निवडलेल्या वस्तूंची टोपली, जशीच्या तशी दुसऱ्याला देता येत नाही, म्हणून मी विशलिस्ट, म्हणजे हव्या असलेल्या वस्तूंची जपून ठेवलेली यादी, वापरते. ॲमेझॉनवर ती देताना नुसती बघायची परवानगी वेगळी आणि बदल करायची वेगळी असते. पहिल्या वर्षी मी मोठ्या मनाने सगळ्यांना बदलाची परवानगी दिली. एकाने कूलरची मोटार काढून टाकली, कारण त्याच्याकडे होती. त्याला वाटलं आपल्यापुरती काढली, पण ती सगळ्यांच्याच यादीतून गेली. दुसऱ्याने मुलाची सायकल घातली. आता नुसती बघायची परवानगी, बदल मी करणार. एका यादीला एकच मालक असावा.

कॉम्प्युटरवर कार्टची लिंक करून देणारी एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅमही मिळतात. ती सोयीची आहेत, पण तुम्ही खरेदीच्या पानावर काय करता ते त्यांना दिसू शकतं, एवढं लक्षात असू द्या. आणि अशी लिंक उघडण्याआधी आपली कार्ट रिकामी करा. आधीच्या सामानावर नवं येऊन पडतं. यांच्या ऑफिसातल्या एकांनी लिंक दोनदा उघडली आणि त्यांच्या घरी कूलरच्या दोन मोटारी आल्या.

लिंक उघडलीत की पहिलं काम पिनकोड बदलायचं, ४२५२०१. पुण्याचा किंवा ठाण्याचा जुना पिनकोड राहिला तर "उद्या मिळेल" असं दिसतं, आणि इथला टाकला की तीच वस्तू आठ दिवसांवर जाते किंवा येतच नाही.

आता कूलर. इकडे तो टीव्हीच्या आधी लागतो. कोकणातून, मुंबईतून येणाऱ्यांचा त्याच्यावर विश्वास नसतो. माझाही नव्हता, कारण आमच्याकडच्या दमट हवेत तो नुसता ओला वारा फेकतो. इथली उन्हाळ्यातली हवा कोरडी. तिच्यात पाणी भराभर उडतं, उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं, म्हणून पारा पंचेचाळीसला टेकला तरी कूलरसमोर झोप लागते. पण तो खोलीत मधोमध ठेवून दारं-खिडक्या लावून बसाल तर तासाभरात खोलीचं रत्नागिरी होईल. कूलर खिडकीबाहेर स्टँडवर आणि समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं, अशीच बैठक हवी. पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली, की त्याचा उपयोग संपला. मग टाकी पूर्ण कोरडी करून ठेवा. उन्हाळ्यातही आठवड्यातून एकदा पाणी ओतून टाकून टाकी घासायची, नाहीतर डासांची सोय होते.

माझ्या यादीत कूलर नाही. मोटार आहे, पाण्याची पातळी धरणारा फ्लोट आहे, सोळा अँपिअरचा बोर्ड आहे, जाड पडदे आहेत. कूलरची पेटी मात्र गावातून पत्र्याची करून घ्या. खिडकीच्या मापाने बनते, बाजूंच्या जाळीत भरायचं गवत तिथेच मिळतं आणि मे महिन्यात बिघडली तर दुरुस्त करणारा माणूस त्याच दिवशी येतो. माझा पहिला प्लास्टिकचा कूलर ऑनलाइन आला होता. त्याच्या जाळीत बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसला आणि त्या मापाची जाळी कुठे मिळेना. शेवटी एका दुकानात गेले, तर दुकानदार म्हणाला, "काय झालं ताई, मोटार जयली का?" मी बघतच राहिले. इकडच्या लेवा बोलीत ळ चा य होतो, हे मग कळलं. जयली म्हणजे जळली, केयी म्हणजे केळी. तुम्हालाही आठ दिवसांत कानाला सवय होईल.

यादीत खायचं काहीही नाही, आणि ते मुद्दाम. भरिताची वांगी कुठल्या ॲपवर दिसलीच तर घेऊ नका. थंडीत बाजारात जा, मोठी, फिकट हिरवी, हातात हलकी लागणारी बघून घ्या. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण भाजीवालीला त्याचं काही नाही, तिला तुम्ही भरित कशावर भाजणार याची काळजी. गॅसवर म्हटलंत तर तोंड वाकडं करेल. इथे कपाशीच्या पऱ्हाट्यांवर, म्हणजे वाळलेल्या काड्यांवर भाजतात. केळी, ज्वारी, कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ, पुरणपोळी भाजायचं मातीचं खापर, हे सगळं गावातलंच. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, तर शेजारणींबरोबर गच्चीवर घालायचे असतात, तेवढ्यात ओळखीही होतात.

पैशांचं थोडक्यात सांगते. डिलिव्हरीचे चाळीस रुपये वाचवायला पाच घरांची एकत्र ऑर्डर माझ्या नावावर टाकली होती. एक बादली फुटकी आली. परत केली, पैसे माझ्या खात्यात आले, आणि कुणाचे किती यावर महिनाभर चर्चा चालली. तेव्हापासून परत करायची वेळ येऊ शकते अशी प्रत्येक वस्तू ज्याची त्याने मागवायची. साबण, फिनेल एकत्र चालतं. डिलिव्हरीचा ओटीपी ऑर्डर करणाऱ्याच्या फोनवर येतो, तो ग्रुपवर टाकू नका. आणि माझ्या नावाने दुसऱ्या नंबरवरून "तयार कार्ट" आली तर ती उघडूच नका.

लिंक ग्रुपवर वर पिन केलेली आहे. काही अडलं तर घरी या, पण सातनंतर. दुपारी बारा ते चार इथे कुणी कुणाचं दार वाजवत नाही.