डीबगचे लॉग दिसत नव्हते, ते असे दिसू लागले

पायथनच्या लॉगिंगमध्ये (प्रोग्रॅम चालताना नोंदी लिहिण्याची सोय) नोंदींच्या महत्त्वाच्या पातळ्या अशा: डीबग १०, इन्फो २०, वॉर्निंग ३०, एरर ४० आणि क्रिटिकल ५०. रूट लॉगरची (नोंदी घेणाऱ्या सगळ्या लॉगरांच्या मुळाशी असलेला) पातळी मुळातच वॉर्निंग असते आणि त्याखालचं गाळलं जातं, म्हणून डीबग आणि इन्फो गुपचूप गळतात. आपल्या लॉगरला डीबग पातळी दिली तरी डीबगचं काही उमटेना, कारण चाळण्या दोन आहेत: आधी लॉगरची, मग हँडलरची (नोंद स्क्रीनवर किंवा फाइलमध्ये पोचवणारा भाग). हँडलर इन्फोवर अडकला होता. त्याची पातळी खाली आणली आणि ओळी आल्या.

बेसिककॉन्फिग (लॉगिंगची मूळ मांडणी करणारं फंक्शन) पुन्हा चालवून भागत नाही. रूटला आधीच हँडलर लागलेला असेल (बरेचदा एखादी लायब्ररी तो लावून ठेवते), तर ते काहीच करत नाही, तक्रारही करत नाही. पायथनच्या ३.८ आवृत्तीपासून त्यात 'फोर्स' ट्रू ठेवलं की जुने हँडलर निघून नवे लागतात.

त्यानंतर प्रत्येक ओळ दोनदा छापली जात असेल, तर आपल्या लॉगरलाही हँडलर आहे आणि रूटलाही. आपल्या लॉगरवरचा काढा. 'प्रोपगेट' (लॉगरची नोंद वर रूटकडे पाठवणारी सेटिंग) बंद करण्याचा उपाय मला पटत नाही. चाचण्या चालवणाऱ्या पायटेस्टचा कॅपलॉग (चाचणीत लॉग पकडणारी सोय) रूटवर बसतो, त्याच्यापर्यंत मग काही पोचत नाही.

चूक पकडणाऱ्या एक्सेप्ट ब्लॉकमध्ये मात्र 'एरर'ऐवजी 'एक्सेप्शन' मेथडच वापरा. पातळी ४०च राहते, शिवाय पूर्ण ट्रेसबॅक (चूक कोणत्या ओळींतून आली त्याचा माग) मिळतो.