चिऱ्याचे घर बांधताना पैसा आणि पाणी गावात कसे राखावे

कोकणात घर बांधायला काढले की कंत्राटदार दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतच अंदाजपत्रक पुढे ठेवतो. त्यावर सही करण्यापूर्वी कागदाच्या उजव्या बाजूला पेन्सिलीने दोन रकाने आखावेत. तालुक्याबाहेर जाणारी रक्कम एका रकान्यात लिहावी आणि तालुक्यातच कोणाच्या तरी हाती पडणारी दुसऱ्यात. सिमेंट, सळई, टाइल्स, रंग, ॲल्युमिनियमच्या खिडक्या पहिल्या रकान्यात जातात; चिरा (जांभ्या दगडाचा घडवलेला ठोकळा), गवंड्याची आणि बिगाऱ्यांची मजुरी, सुतारकाम, वाहतूक दुसऱ्यात. पर्यावरणपूरक बांधकाम म्हटले की लोकांना छपरावरचे सौर पॅनेल आठवते. गावाच्या दृष्टीने त्याची कसोटी मात्र या दुसऱ्या रकान्यात लागते, कारण जे साहित्य भट्टीत भाजावे लागत नाही आणि दुरून आणावे लागत नाही, त्यावरचा बराचसा खर्च इंधनावर न होता माणसांवर होतो.

ही दृष्टी नवी नाही. केरळात दीर्घकाळ काम केलेले वास्तुविशारद लॉरी बेकर (१९१७–२००७) सांगत असत की, घराचे साहित्य पाच मैलांच्या परिसरात मिळणारे असावे, हा गांधीजींचा विचार त्यांच्या कामाच्या मुळाशी होता. आज तो नियम शब्दशः पाळता येणार नाही. अंदाजपत्रक तपासताना फूटपट्टी म्हणून मात्र तो अजूनही उपयोगी पडतो.

पहिला निर्णय चिऱ्याचा. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि हवा लागत गेली की कठीण होतो. म्हणून चिरा पावसाळा संपल्यावर, जमीन सुकल्यानंतर घ्यावा आणि भिंतीत जाण्यापूर्वी काही आठवडे मोकळ्या जागी रचून ठेवावा. पिवळट मातीचे मोठे पुंजके असलेला किंवा बोटाने उकरला जाणारा चिरा पायाला आणि जोत्याला वापरू नये.

मात्र स्थानिक साहित्य म्हणजे आपोआप निरुपद्रवी साहित्य, असा समज करून घेऊ नये. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या सपाट पठारावर, पडलेले पाणी जांभ्यातून झिरपून पायथ्याच्या झऱ्यांना आणि विहिरींना मिळते. सडा खोल खणला तर खालच्या वाडीचे पाणी धोक्यात येऊ शकते. याच सड्यांवर कातळशिल्पे, म्हणजे कातळावर कोरलेली प्राचीन चित्रे, आहेत, आणि २०२२ साली त्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. म्हणून खाणवाल्याकडे वाहतूक परवान्याची पावती मागावी, खाण प्रत्यक्ष जाऊन पाहावी, आणि शक्यतो नव्याने उघडलेल्या खाणीऐवजी आधीपासून चालू असलेल्या खाणीतील माल घ्यावा. वाडीतील वयस्कर माणसांना त्या बाजूचा झरा कुठून येतो हे विचारले, तर नकाशात न सापडणारी माहिती मिळते.

त्याहूनही चांगला मार्ग म्हणजे जुना चिरा. आमच्याकडे पडवी उतरवली तेव्हा मातीत आणि चुन्यात बसवलेले चिरे पहारीच्या एका हलक्या टेकणाने अख्खे सुटून आले, आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वी सिमेंटमध्ये बांधलेल्या तुकड्यातला निम्मा माल फुटला, कारण जोड चिऱ्यापेक्षा कठीण झाला होता. तेव्हापासून भिंतीला चुन्याचा मसाला वापरावा असे मी आग्रहाने सांगतो. चुना सावकाश घट्ट होतो आणि होताना हवेतील कार्बन डायऑक्साइड परत शोषून घेतो. तो हाताळताना मात्र हातमोजे आणि चष्मा लागतोच, आणि ते मजुरांना पुरवणे ही घरमालकाची जबाबदारी आहे.

सिमेंट पूर्णपणे टाळण्याचा हट्टही धरू नये. कोयनेचा १९६७ सालचा भूकंप विसरण्याजोगा नाही. जोत्याच्या आणि लिंटेलच्या (दारे-खिडक्यांच्या वरच्या कडेच्या) पातळीवर सर्व भिंतींना एकत्र बांधणारी सळईची काँक्रीट पट्टी द्यावी आणि तिचे आरेखन अभियंत्याकडून करून घ्यावे. सिमेंट तिथे खर्च करावे आणि बाहेरच्या गिलाव्यावर वाचवावे. नीट घडवलेल्या चिऱ्याच्या नुसत्या दर्जा (चिऱ्यांमधल्या सांध्यांच्या फटी) भरल्या, तरी वर कौलारू छप्पर आणि दोन-अडीच फूट पुढे आलेली पागोळी असल्यास भिंत पावसात टिकते. गिलावा वाचला म्हणजे वाळू वाचते, आणि तितकाच खाडीवरचा उपसा कमी होतो.

मजुरीच्या बाबतीत एक गोष्ट आधीच ठरवावी. चिऱ्याचे आणि चुन्याचे काम जाणणारे गवंडी आता वयाने मोठे आहेत. अशा एका गवंड्याच्या हाताखाली गावातील दोन तरुणांना पूर्ण मजुरीवर लावावे आणि तशी अट कंत्राटात लिहून घ्यावी. असे घर स्वस्त पडते असे मी म्हणणार नाही. काम सावकाश होते आणि मजुरीचा आकडा वाढतो, पण पुढच्या वर्षी शेजाऱ्याला गवंडी शोधायला जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही.

आता पाणी. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमते. १०० चौरस मीटरच्या छपरावर ३,००० मिलिमीटर पाऊस पडला, तर हिशेब तीन लाख लिटरचा होतो. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी २,४०,००० लिटर उरतात. हे पाणी अंगणातून गडग्यापलीकडे (दगडी कुंपणापलीकडे) वाहून रस्त्याची माती नेते, आणि त्याच वाडीत एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहिली जाते. त्यासाठी पागोळीला पन्हळ लावून पाणी एका नळात आणावे, पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी बाहेर सोडण्याची तोटी ठेवावी, आणि पुढचे पाणी खडी, बारीक खडी आणि वाळू यांच्या थरांतून गाळून विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडावे. शौचालयाची टाकी विहिरीपासून किमान ५० फूट दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला असावी. अंगणात काँक्रीट ओतू नये. चिऱ्याचे तुकडे मातीत बसवले तर चिखल होत नाही आणि पाणीही मुरते. कातळ मजबूत असेल तर खड्ड्यात पाणी उतरणारच नाही, म्हणून आधी दोन-तीन फुटांचा खड्डा खणून त्यात पाणी ओतावे आणि किती वेळात जिरते ते पाहावे. सकाळपर्यंत ते तसेच राहिले, तर शोषखड्ड्याऐवजी साठवण टाकी बांधावी.

पन्हळीत पालापाचोळा साचतो. मृग लागण्याच्या आठवडाभर आधी शिडी लावून ती साफ करावी, गाळणीची वरची वाळू धुऊन घ्यावी आणि पहिल्या सरीच्या वेळी तोटी उघडी आहे ना, हे पाहून घ्यावे.